बीए कुणी निवडलं?

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यात दरवर्षी एक वाद नव्याने पेटतो. कला शाखेच्या महाविद्यालयांचं करायचं काय? एक बाजू म्हणते, बीए करून पोरं पारावर बसतात, सरकारचा पगारावरचा खर्च पाण्यात जातो, तेव्हा या शाखा बंद करा आणि तिथे कौशल्याचे अभ्यासक्रम काढा. दुसरी बाजू उसळून सांगते की साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांनी माणूस घडतो, त्याचा हिशेब पैशात करू नका. सभागृहात, वर्तमानपत्राच्या पानावर, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हीच दोन वाक्यं एकमेकांवर आदळत राहतात. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र न तपासता गृहीत धरली आहे, ती म्हणजे मुलांनी बीए निवडलं. पहिल्यांना वाटतं चुकीचं निवडलं, दुसऱ्यांना वाटतं योग्य निवडलं. माझं म्हणणं असं आहे की मराठवाड्यातल्या बीएच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी काही निवडलेलंच नसतं. गावाहून जाऊन-येऊन करता येईल इतक्या अंतरावर, घरच्यांना झेपेल इतक्या फीमध्ये आणि दुपारनंतर शेतात नाहीतर दुकानात हात लावता येईल अशा वेळेत जी पदवी मिळत होती, तिथे त्यांनी नाव घातलं. म्हणून कोणत्या शाखेला किती विद्यार्थी, या आकड्यावरून मुलांची आवड कळत नाही आणि शाखेची योग्यताही कळत नाही. आणि सोयीमुळे घेतलेली पदवी उद्या बंद केली, तर ते लेकरू इंजिनिअरिंगला जाणार नाही. ते घरी बसेल.

आधी एक गैरसमज दूर करू. बीएची गर्दी हा मराठवाड्याच्या मागासलेपणाचा खास नमुना असल्यासारखं बोललं जातं. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2021-22 साली देशभरात पदवी पातळीवरचे 34.2 टक्के विद्यार्थी कला शाखेत होते. विज्ञानात 14.8, वाणिज्यमध्ये 13.3 आणि अभियांत्रिकी-तंत्रज्ञानात 11.8 टक्के. म्हणजे देशात पदवी घेणाऱ्या दर तिघांतला एक कला शाखेचा. विज्ञान, वाणिज्य आणि अभियांत्रिकी या तिन्हींची बेरीज केली तरी ती चाळीस टक्क्यांच्या आत राहते. मग या देशातल्या तिघांतल्या एकाला इतिहासाची आणि राज्यशास्त्राची ओढ आहे असं समजायचं का? तसं असतं तर आपल्या गावोगावच्या ग्रंथालयांची ही अवस्था नसती. कारण साधं आहे. कला शाखा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन-चार खोल्या, फळा, खुर्च्या आणि कागदोपत्री काही प्राध्यापक एवढ्यावर महाविद्यालय उभं राहतं, म्हणून ते तालुक्यात आणि मोठ्या गावातसुद्धा निघतं. जे सगळीकडे निघालं, तिथे सगळे गेले.

ही सोय जवळून पाहायची असेल तर तालुक्याच्या ठिकाणच्या कोणत्याही महाविद्यालयात जून-जुलैमध्ये प्रवेशाच्या खिडकीजवळ तासभर उभं राहावं. मुलीसोबत बाप आलेला असतो. हातात प्लास्टिकच्या पिशवीत टीसी, गुणपत्रक, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. मुलीला बारावी विज्ञानला बरे गुण आहेत, बीएस्सी करायचं आहे. कारकून विषयांचे गट सांगतो: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, नाहीतर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र. बाप गटांबद्दल काही विचारत नाही. तो विचारतो, कॉलेज सुटतं किती वाजता? बीएस्सीचे तास सकाळी आणि प्रात्यक्षिकं दुपारी, आठवड्यातले काही दिवस चार-साडेचारपर्यंत चालतात. गावाकडची एसटी साडेतीनला. त्यानंतरची मुक्कामी गाडी सात वाजता सुटते आणि फाट्यावर सोडते, तिथून गाव दोन किलोमीटर. बीएचे तास साडेअकरा-बाराला संपतात. झाला निर्णय. पुढे तिच्या गुणपत्रकावर इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी असे विषय येतात आणि आपण परिसंवादात म्हणतो, मराठवाड्यातल्या मुलींचा कल कला शाखेकडे आहे.

कल म्हणायचं तर दुसरा एक आकडा पाहा. त्याच 2021-22 च्या सर्वेक्षणात विज्ञान शाखेत पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन मिळून 57.2 लाख विद्यार्थी होते, त्यांत मुली 29.8 लाख आणि मुलगे 27.4 लाख. विज्ञानात मुली मुलांच्या पुढे गेल्या आहेत. जिथे पोहोचता येतं तिथे त्या पोहोचतात. मुलींसाठी गावातून शाळेपर्यंत मानव विकास योजनेच्या निळ्या बस धावतात आणि अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. पण या दोन्ही सोयी बारावीपर्यंत. बारावीनंतर विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नसेल तर सवलत कशावर घ्यायची? ज्या वळणावर मुलगी शाखा ठरवते, नेमक्या त्याच वळणावर सरकारने रस्त्यातला हात काढून घेतला आहे. शिक्षणतज्ज्ञांच्या समित्या अभ्यासक्रमांवर शेकडो पानं लिहितात. आगाराच्या वेळापत्रकावर एखादं पान लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते मोठं आहे. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत बीएचं शिक्षण होतच नाही. मुलं प्रवेशाला येतात, परीक्षा फॉर्म भरायला येतात आणि परीक्षेला येतात. हजेरीपट भरलेला, वर्ग रिकामा. काही केंद्रांवर कॉपी इतकी सर्रास चालते की अभ्यास केलेल्या मुलाला आपण मूर्ख ठरलो असं वाटावं. तीन वर्षांनी हातात पदवी येते आणि एक पान स्वच्छ मराठी लिहिता येत नाही, नकाशावर जिल्हे दाखवता येत नाहीत, शेकडेवारी काढता येत नाही. संस्थाचालकांना महाविद्यालय म्हणजे राजकारणाचं ठाणं होतं, म्हणून गरज न पाहता मान्यता वाटल्या गेल्या, हेही खरं. अशी पदवी घेतलेल्या मुलाला नोकरी मिळत नाही म्हणून समाजाने हळहळायचं, यात अर्थ नाही. त्याला फसवलेलंच आहे. या संतापात मी पूर्ण सामील आहे.

पण या संतापातून कला शाखा नको हा निष्कर्ष कसा निघतो? रिकामे वर्ग ही कला शाखेची मक्तेदारी आहे का? लातूर, नांदेड, संभाजीनगरात अकरावी-बारावी विज्ञानाला प्रवेश घेतलेली हजारो मुलं महाविद्यालयाची पायरी चढत नाहीत, ती क्लासमध्ये बसलेली असतात. महाविद्यालयाचा उपयोग हजेरी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांपुरता. विज्ञानाचा वर्ग रिकामा असला की आपण त्याला मुलाची मेहनत म्हणतो आणि कलेचा रिकामा असला की मुलाचा आळस. दोन्हीकडे रोग एकच आहे, महाविद्यालयाने शिकवणं सोडलं. फरक एवढाच, की विज्ञानाच्या मुलाच्या बापाने क्लासची लाख-दीड लाख फी भरून ती उणीव भरून काढली आणि कलेच्या मुलाच्या बापाजवळ तेवढे पैसे नव्हते.

लातूरचा विषय निघाला आहे तर तो नीट बोलू. लातूर पॅटर्नची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या शिक्षकांनी ऐंशीच्या दशकापासून दुष्काळी भागातली मुलं घेऊन त्यांना पहाटेपासून रात्रीपर्यंत घासलं, प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, चुका दाखवल्या आणि पुण्या-मुंबईची गुणवत्ता यादी हलवली. त्यातून कित्येक घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर झाला. मराठवाड्याला आत्मविश्वास देणाऱ्या मोजक्या गोष्टींत या पॅटर्नचं नाव घ्यावंच लागेल. कला शाखेचे वकील या यशाला नुसती घोकंपट्टी म्हणतात तेव्हा ते त्या शिक्षकांवर अन्याय करतात. मात्र त्या यशातून समाजाने काढलेला अर्थ चुकला. हुशार पोर म्हणजे विज्ञानाचं पोर आणि उरलेलं पोर म्हणजे कलेचं, अशी वाटणी घट्ट झाली. 2024 च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला देशभरातून 23 लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत. उरलेली बावीस लाख मुलं कुठे जातात? काही बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, फार्मसीला जातात, काही पुन्हा एक वर्ष क्लास लावतात, बरीचशी नाइलाजाने बीएस्सीत येऊन बसतात. म्हणजे विज्ञानाची लोकप्रियतासुद्धा एका लॉटरीची लोकप्रियता आहे. दोन वर्षं क्लासमध्ये घालवलेलं, दोन वेळा नापास ठरवलेलं एकोणीस वर्षांचं मूल पाहिलं की लक्षात येतं, लोकप्रिय शाखेनेही मुलांना विचारलेलं नाही.

आणि लोकप्रियता टिकते तरी किती? मराठवाड्याने डीएडची लाट पाहिली आहे. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली, सुरुवातीचं मानधन तीन हजार, पण तीन वर्षांनी कायम होण्याची खात्री. बारावीनंतर दोन वर्षांत सरकारी मास्तरकी, याहून चांगलं काय? कॉलेजं निघाली, डोनेशनचे भाव फुटले, बापांनी एकर-दीड एकर विकून पोरींची आणि पोरांची डीएडं केली. लग्नाच्या बोलाचालीत डीएड झालेल्या मुलीचा वेगळा मान होता. 2012 साली शिक्षक भरतीवर बंदी आली आणि दोन-तीन वर्षांत ती विद्यालयं ओस पडली. त्या वेळी डीएड केलेली माणसं आज चाळिशीकडे झुकली आहेत. काही पात्रता परीक्षा देत राहिली, काही खासगी शाळांत पाच-सात हजारांवर राबली, काही शेतीत गेली. रोजगाराभिमुख अभ्यासक्रम हे शब्द वापरताना या पिढीची आठवण ठेवायला हवी, कारण तिने अगदी रोजगाराभिमुखच शिक्षण घेतलं होतं.

अभियांत्रिकीचं वेगळं काय झालं? 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यातून महाराष्ट्राला इंजिनिअर मिळाले, बाहेरच्या राज्यांत जाणारा ओघ थांबला, हे श्रेय द्यायलाच हवं. पण नंतर या जागा इतक्या वाढल्या की दहा वर्षांपूर्वी देशभर त्या रिकाम्या राहू लागल्या, महाविद्यालयांना टाळी लागली, मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या तुकड्या बंद झाल्या. आता सगळी धाव कॉम्प्युटरकडे आहे. 2023 ची तलाठी भरती आठवा: 4,644 जागा आणि दहा लाखांवर अर्ज. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी सतरा लाखांवर. या रांगांमध्ये फक्त बीएवाले उभे होते का? मैदानावर धावणाऱ्या पोरांना विचारलं तर बीई, बीटेक, एमएस्सी, एमबीए सगळे भेटले असते. बेकारी कला शाखेतून जन्मते असं म्हणणाऱ्यांनी या रांगेचा अर्थ लावून दाखवावा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत मुलांना विषय बदलण्याची, दोन विषय एकत्र घेण्याची मोठी मोकळीक आहे आणि तिथे पदवीधरांमध्ये सर्वांत मोठा गट व्यापार-व्यवस्थापनाच्या (बिझनेस) शिक्षणाचा, साधारण पाचांत एक. तिथल्या कॉम्प्युटरच्या पदव्यांचा आलेख पाहण्यासारखा आहे. 1986 च्या सुमारास वर्षाला 42 हजारांच्या आसपास पदव्या दिल्या गेल्या. दहा वर्षांत तो आकडा 25 हजारांवर आला. इंटरनेटच्या तेजीत पुन्हा चढून 2004 ला साठ हजारांजवळ गेला, पाच वर्षांत अडतीस हजारांवर घसरला आणि आता लाखाच्या पलीकडे आहे. मूल प्रवेश घेतं ते आजचा बाजार पाहून, पदवी हाती येते चार वर्षांनी, तोपर्यंत बाजार हललेला असतो. इतकी माहिती, इतके सल्लागार, इतका पैसा असलेल्या देशात हा अंदाज चुकतो. मग गेवराई किंवा कळमनुरी तालुक्यातल्या अठरा वर्षांच्या मुलाने तो बरोबर बांधावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

या वादात मराठवाड्याचा स्वतःचा इतिहास कुणी काढत नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाची दारं आपल्यासाठी किती अरुंद होती ते आठवून पाहा. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या पाच जिल्ह्यांत पुढे शिकायचं तर औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजनंतर हैदराबाद गाठावं लागे, नाहीतर संस्थानाबाहेर जावं लागे. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं आणि दोनच वर्षांत, 1950 साली, मराठवाड्यात दोन महाविद्यालयं उभी राहिली. औरंगाबादेत बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं, आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज. विद्यापीठ यायला अजून आठ वर्षं होती, ते आलं 23 ऑगस्ट 1958 ला. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे विद्वान, देशाच्या मजूर खात्याचा कारभार पाहिलेले, तांत्रिक शिक्षणाचं महत्त्व त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शतकानुशतकं ज्यांना अक्षराजवळ येऊ दिलं नाही, त्या समाजाच्या लेकरांसाठी त्यांनी इथे कला आणि विज्ञानाचं महाविद्यालय काढलं आणि त्याला वसतिगृहाची जोड दिली. वसतिगृह हा त्या योजनेचा प्राण होता. अंतर आणि भूक या दोन गोष्टी सोडवल्याशिवाय शिक्षणाची निवड हा शब्दच पोकळ राहतो, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवत. पुढे ते तिथले प्राचार्य झाले. त्यांना ऐकायला विज्ञानाची, वाणिज्यची मुलं येत, गावातले वकील, शिक्षक, कार्यकर्ते येत. मनुस्मृतीपासून राज्यघटनेपर्यंत आणि इस्लामच्या इतिहासापासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत ते बोलत आणि लोक वाद घालत. ही कला शाखा होती. कुणी तिला फावल्या वेळची शाखा म्हणायला धजावलं नसतं. ती जिवंत राहिली, कारण शिकवणारा माणूस कायम नोकरीत होता, त्याला वाचायला वेळ होता आणि त्याच्यामागे संस्था उभी होती.

त्या काळच्या बीएला नोकऱ्याही लागल्या. 1 मे 1962 ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, पंचायत समित्या, सहकारी बँका, नवीन महाविद्यालयं सगळीकडे माणसं हवी होती. मराठवाड्यातल्या शिकलेल्या पहिल्या पिढीतले मुख्याध्यापक, विस्तार अधिकारी, वकील, तहसीलदार पाहिले तर त्यांत कला शाखेचे पदवीधर खूप सापडतील. तेव्हा पदवी चांगली होती आणि आता वाईट झाली, असं यावरून ठरत नाही. तेव्हा बाहेर माणसं घेणारी दारं उघडी होती. ती बंद होऊ लागली तेव्हा, 1974 साली, मराठवाड्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या विकास आंदोलनातल्या तरुणांनी आम्ही चुकीचा विषय घेतला असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, आमच्या भागात नोकऱ्या कुठे आहेत, कारखाने कुठे आहेत, पाणी कुठे आहे, रुंद रेल्वेमार्ग कुठे आहे? प्रश्न सरकारला होता. त्यातूनच पुढे अनुशेषाची, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाच्या हिशेबाची, भाषा आली, 1994 ला वैधानिक विकास मंडळ आलं. त्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली आणि ते गेलं. आता त्याच बेकारीचा दोष आपण मुलाच्या विषयांच्या यादीवर टाकतो आहोत. पन्नास वर्षांत प्रश्नाचं तोंड सरकारकडून पोराकडे वळलं आणि ते वळवण्यात आपण शिकलेली माणसं पुढे आहोत.

शेंद्रा-बिडकीनला उद्योग येत आहेत, लातूरला रेल्वे कोचचा कारखाना उभा आहे, त्यांना लागणारी माणसं बीएतून मिळणार नाहीत, हा मुद्दा रास्त आहे. पण त्यांना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सीएनसी चालवणारे, डिप्लोमाधारक हवे आहेत. त्यासाठी आयटीआय आणि तंत्रनिकेतनं धड करावी लागतील: जुनी यंत्रं बदला, निदेशकांची पदं भरा, उमेदवारीचं विद्यावेतन वाढवा. बीएच्या वर्गाच्या दारावर कौशल्य विकास केंद्र असा फलक लावून वेल्डर तयार होत नाही. प्राध्यापक नसलेल्या महाविद्यालयात मराठी शिकवता आलं नाही, तिथे निदेशकाशिवाय यंत्र शिकवता येईल का?

आता कला शाखेच्या कैवाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचा युक्तिवाद मला पहिल्या बाजूपेक्षा जास्त सलतो. तो आपल्या माणसांचा आहे. साहित्याने माणूस घडतो हे वाक्य खरं असेलही, पण ते वर्ग भरत असतील तिथे खरं. जिथे नेट-सेट झालेला, पीएचडी झालेला शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, वर्षातले काही महिने राबतो, मानधन कधी येईल त्याचा नेम नाही, उन्हाळ्यात त्याला काहीच मिळत नाही आणि तीन महाविद्यालयांत मिळून तास घेऊन तो घर चालवतो, तिथे माणूस कोण घडवणार? रिक्त पदांविषयी एक शब्द न बोलता मानव्यविद्येची थोरवी गाणं म्हणजे फसवणुकीला फुलं वाहणं आहे. कायम नोकरीतल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी तरी हे बोलायला हवं होतं. विषय वाचवा म्हणताना अनेकांच्या मनात कार्यभार वाचवा एवढंच असतं, हे विद्यार्थ्यांनाही कळतं.

आणि बीए आहे तशी ठेवा, ही मागणी तर मुळीच मान्य होण्यासारखी नाही. विषयांचे गट कसे ठरतात? ज्या विषयाचा माणूस संस्थेत आहे, तो विषय गटात. त्यामुळे इतिहासासोबत संख्याशास्त्र, समाजशास्त्रासोबत संगणक, राज्यशास्त्रासोबत लेखाकर्म अशी जोडी मुलाला मिळतच नाही. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. कागदावर मेजर म्हणजे मुख्य विषय आहे, मायनर म्हणजे जोडविषय आहे, दुसऱ्या विद्याशाखेतला विषय घेण्याची मुभा आहे. कल्पना चांगली आहे. पण ज्या गावात एकच शाखा आहे, तिथे दुसऱ्या शाखेतला विषय आणायचा कुठून? मोकळीक दिली आणि निवडायला काहीच ठेवलं नाही, तर त्या मोकळिकीचं मुलाने काय करायचं?

राज्य लोकसेवा आयोगाच्या एका निर्णयाने कला शाखेला मोठी संधी दिली आहे, तिकडे दोन्ही बाजूंचं लक्ष नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतांशी पर्यायी उत्तरांवर खुणा करण्याची होती, ती आता 2025 पासून वर्णनात्मक झाली. विद्यार्थ्याने प्रश्न वाचून विचार करायचा, मुद्दे मांडायचे, पानं लिहायची. मराठवाड्यातली हजारो मुलं या परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत खोल्या घेऊन राहतात, बाप सोयाबीन विकून महिन्याला आठ-दहा हजार पाठवतो. उत्तर लिहिणं, मूळ मजकूर वाचून त्याचा सारांश करणं, तक्ता पाहून निष्कर्ष काढणं हेच तर बीएच्या तीन वर्षांत शिकवायचं असतं. ते तालुक्यातच दर आठवड्याला लिहून घेतलं, तपासून परत दिलं, तर पुण्याच्या खोलीचं अर्धं भाडं वाचेल. आणि परीक्षेत यश आलं नाही तरी चांगलं लिहिणारा, आकडे वाचता येणारा माणूस बँकेत, दवाखान्याच्या कार्यालयात, शेतकरी उत्पादक कंपनीत, वकिलाच्या हाताखाली उपयोगी पडतो.

मुलींसाठी तर हा प्रश्न नोकरीच्याही आधीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं राज्यातलं प्रमाण 21.9 टक्के निघालं. परभणीत ते 48 आणि बीडमध्ये 43.7. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न लग्नाने सोडवला जातो. अशा जिल्ह्यात बारावीनंतर मुलीचं नाव कोणत्या तरी महाविद्यालयाच्या पटावर आहे, तिला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे, परीक्षा द्यायची आहे, ही एकच सबब तिच्या हातात असते. पुढच्या वर्षी करू, तिचं ग्रॅज्युएशन होऊ द्या, असं आई बापाला म्हणू शकते. तिच्या गावाजवळची बीए बंद करून आपण तिला कोणता पर्याय देणार आहोत? जुलै 2024 मध्ये राज्याने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ केलं. फार चांगला निर्णय. पण शुल्क माफ झालं तरी संभाजीनगरातली खोली आणि मेस माफ होत नाही, आणि मुलीला शहरात एकटी ठेवायला घर तयार होत नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर होतं. ती जागा वाढवायला हवी, तेही तिथल्या महिला अधीक्षकाचं पद भरून.

महाविद्यालयं कधीच बंद करू नयेत असं मी म्हणत नाही. इमारत नाही, प्राध्यापक नाहीत, वर्ग भरत नाहीत, अशी बंद व्हायलाच हवीत आणि लवकर. मात्र बंद करण्याआधी विद्यापीठाने आणि उच्च शिक्षण संचालनालयाने एक काम करावं. त्या महाविद्यालयाच्या पटावरच्या प्रत्येक विद्यार्थ्याचं गाव नकाशावर मांडावं, तिथून सर्वांत जवळचं चालू महाविद्यालय किती लांब आहे आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते लिहावं. जिथे मूल पोहोचू शकतं, तिथे खुशाल बंद करा आणि त्याचं नाव तिकडे लावून द्या. जिथे पोहोचू शकत नाही, तिथे संस्था बदला, प्रशासक नेमा, पण वर्ग चालू ठेवा. वाचलेल्या पैशातून प्रत्येक तालुक्यात निदान एका अनुदानित महाविद्यालयात संख्याशास्त्राचं, इंग्रजीचं आणि संगणकाचं कायम पद भरा, म्हणजे कला शाखेच्या मुलाला मायनर खरोखर घेता येईल. मुलींचा फुकट पास बारावीवर न थांबवता पदवीपर्यंत न्या. बीएस्सीची प्रात्यक्षिकं सकाळी आणि सिद्धान्ताचे तास नंतर, असा साधा बदल करायला तर कुणाची मंजुरीही लागत नाही, प्राचार्यांनी आगारप्रमुखांसोबत एकदा बसावं लागतं. एवढं तीन-चार वर्षं करून पाहा. मग कला, विज्ञान, वाणिज्य यांचे आकडे पुन्हा मोजा. त्या आकड्यांत मराठवाड्याच्या मुलांची आवड पहिल्यांदा दिसेल आणि मग कोणती शाखा ठेवायची यावर बोलायला मी कोणत्याही व्यासपीठावर येईन.